सुकन्याच्या खोलीतलं फायकस

लातूर
रविवार, ८ जानेवारी २००६

अक्का,

नमस्कार लिहिते. घ्यायचा की नाही ते तू ठरव. बारा वर्षांत मी तुला सात पत्रं टाकली आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस, म्हणून हेही न फोडता ठेवशील असं धरूनच लिहायला बसले आहे. पण या वेळी काम झाडाचं आहे. झाडाचं विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला तू कधी परत पाठवत नाहीस, असं दाजी मागे आमच्या ह्यांना म्हणाले होते. मला गिऱ्हाईक समज.

आमच्या वास्तुशांतीला तू आली नाहीस, पण दाजींच्या हाती तुझ्या नर्सरीतलं फायकस पाठवलंस. तीन दांडे वेणीसारखे गुंफलेलं. तेव्हा कमरेएवढं होतं, आता शेंडा छताला टेकला आहे. घरात उजेड चांगला तो सुकन्याच्या खोलीत, म्हणून तिच्या टेबलाशेजारी ठेवलं. मी पानं ओल्या फडक्यानं पुसते, पावसाळ्यात शेणखत घालते. पाच वर्षांत त्याला कात्री लावलेली नव्हती. तुझ्याकडून आलेली ती एकच वस्तू या घरात आहे, मग हात कसा लावणार?

सुकन्याला या महिन्यात अठरा पूर्ण होतील. मागच्या वर्षी सीईटीला दोनशेपैकी एकशे एकसष्ट पडले आणि मेडिकल नऊ मार्कांनी हुकलं. यंदा ती रिपीट करते आहे. लातुरात यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत रिपीटवाली पोरं आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी तशाच पोरांना खोल्या दिल्या आहेत. दर रविवारी क्लासची परीक्षा, सोमवारी संध्याकाळी फळ्यावर मार्क. ह्यांनी सुकन्याच्या टेबलासमोर कॅलेंडर टांगलं आहे आणि त्यावर लाल पेनानं ते मार्क लिहितात.

दिवाळीनंतर आजवर निकाल लागले आठ. त्यातल्या पाच वेळा ती दीडशेच्या खाली आली. आणि झाडाच्या पाच फांद्या गेल्या आहेत.

पहिली फांदी केराच्या डब्यात दिसली तेव्हा मला वाटलं, खिडकी लावताना मोडली असेल. तिसऱ्या वेळी फरशीवर चिकाचे पांढरे थेंब होते, वाळून चिकट झालेले. मी विचारलं तर म्हणाली, "लई दाट झालं होतं ते. वहीवर सावली पडून राहिली होती." एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. मी कॅलेंडरवरच्या तारखा पाहिल्या. पाचही फांद्या सोमवारच्या.

दोन गल्ल्या सोडून एका होस्टेलवर डिसेंबरात काय झालं ते नांदेडच्या पेपरातही आलं असेल. मी ते इथं लिहीत नाही.

विचारायचं एवढंच की किती फांद्या कापल्यावर असं झाड मरतं? माझ्या मोजणीनं अजून सतरा आहेत.

पोस्टाची पेटी सुकन्याच्या क्लाससमोर आहे, जाता जाता तीच टाकेल. पाकीट मी नीट चिकटवलं आहे.

सिंधु

लातूर
गुरुवार, २६ जानेवारी २००६

अक्का,

शाळेतून झेंडावंदन करून आत्ताच आले. सुकन्या क्लासला गेली आहे, त्यांना आजही सुट्टी नाही. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन आला की मी दारात जाते, एवढं मात्र खरं.

आणखी दोन गेल्या. मला हसशील, पण मी काय केलं ते सांगते. पहिलीच्या वर्गातल्या पोरांना मण्यांवर मोजायला शिकवते ना, तसं मी उरलेल्या प्रत्येक फांदीला लाल दोऱ्याची गाठ मारली. रोज ती क्लासला गेली की खोलीत जाऊन दोरे मोजते. मागच्या सोमवारी सतराचे सोळा झाले. या सोमवारी पंधरा. कापलेल्या फांदीचा दोरा तिनं सोडवून, गुंडाळून माझ्या शिवणाच्या डब्यात आणून ठेवला होता. म्हणजे तिला ठाऊक आहे, आणि मला हे कळावं असंही तिला वाटतं आहे.

मग मी घरातल्या दोन्ही कात्र्या, सुरी, ह्यांची ब्लेडं सगळं पिशवीत घालून शाळेच्या कपाटात ठेवून आले. आता भाजी विळीवर चिरते आणि विळी रोज कोठीत कुलपात ठेवते. ह्यांनी दाढी न्हाव्याकडे सुरू केली आणि मला विचारलं, "हे काय नवीन खूळ काढलंस?" मी सांगितलं. म्हणाले, "झाडच कापून राहिली ना? कापू दे. डोकं हलकं होत असंल तिचं." अक्का, ते वाईट नाहीत. आपल्या कार्यालयातल्या शिपायाची पोरगीसुद्धा डॉक्टर झाली, हे त्यांना रोज दिसतं. पण कापण्यातलं वाईट त्यांना दिसत नाही.

शेजारच्या साखराबाई परवा हळदीकुंकवाला आल्या होत्या. झाड बघून त्यांनी गालावर हात मारून घेतले. "बाई बाई, हे उंबराच्या जातीचं हाय. पान तोडून बघा, चीक बघा. दत्ताच्या झाडाला लोखंड लावतेत का? अन् तेबी अशा गपगार झालेल्या पोरीच्या हातनं?" मी इतकी शिकलेली, वर्गात पोरांना सांगते की अंधश्रद्धा बाळगू नका. पण आज गुरुवार म्हणून सकाळी मी कुंडीपुढे नारळ फोडला. माफी मागितली. कुणाची मागितली ते मलाही सांगता यायचं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. पहिली फांदी गेली त्या सोमवारी तिला एकशे बेचाळीस पडले होते आणि मी तिला काहीतरी बोलले होते. प्रत्येक आई बोलते तसंच. तू मनावर घेऊ नकोस.

जेवण निम्म्यावर आलं आहे तिचं. हसत नाही, रडत नाही, हाक मारली की "हाव" म्हणते. तुला झाडांचं कळतं. झाड असं गप्प झालं तर तू काय करतेस?

सिंधु

लातूर
मंगळवार, ७ फेब्रुवारी २००६

अक्का,

काल तिनं शेंडा मारला.

एकशे अडतीस पडले होते. ह्यांनी कॅलेंडरवर आकडा लिहिला, पेनाचं टोपण लावलं आणि बाहेर निघून गेले. मी कणीक मळत होते. हात धुऊन खोलीत गेले तर छताला टेकलेला सगळा शेंडा, हातभर उंचीचा, तिच्या मांडीवर आडवा. वरून चीक गळत होता आणि ती वाटीतल्या पाण्यानं तो धूत होती. अगदी सावकाश. मला बघून म्हणाली, "आता श्वास घेईल ते."

कात्र्या शाळेत, ब्लेडं शाळेत, विळी कुलपात. मग कशानं कापलं तिनं? कापलेली जागा बघितली, तिरपी, स्वच्छ. मी विचारलं. ती म्हणाली, "आहे माझ्याकडं." म्हणजे माझ्या घरात धारेची वस्तू आहे आणि ती कुठे आहे ते मला माहीत नाही. ती अंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी राहते. पाण्याचा आवाज थांबला की नाव घेऊन हाक मारते. आज सकाळी तिनं आतून सांगितलं, "आई, जिवंत हाय मी."

आता खरं लिहिते. नाही लिहिलं तर माझं डोकं फुटेल.

त्या सोमवारी मी तिला म्हणाले होते, "विरू गेला आणि तू राहिलीस. त्याच्या वाट्याचं तरी करून दाखव." तुझ्या विरूचं नाव घेतलं मी, अक्का. मार्कांसाठी. आणि एकदाच नाही. ती दहावीला होती तेव्हापासून कधी लाडानं, कधी रागानं हे म्हणत आले आहे. "तुला देवानं उगाच वाचवलं नाही." "तुझ्या हातून लोकांचे जीव वाचायचे आहेत." तिला काय वाटत असेल याचा विचार मी केला नाही. मला बरं वाटायचं, म्हणून म्हणायचे.

आणि दुसरं. दाजींच्या ऑपरेशनमुळे तुला दवाखाना सोडता येत नव्हता, म्हणून गणपतीला विरूला माझ्याबरोबर गावी पाठवलंस. नंतर तुला मी सांगितलं की भूकंपाचा हादरा बसला आणि त्याच क्षणी माळवद खाली आलं, हालचाल करायलाही सवड मिळाली नाही. आई-अप्पांच्या बाबतीत ते खरं आहे. आतली खोली आधी बसली.

आमची बाहेरची खोली उभी होती. दोन्ही पोरं माझ्या दोन बाजूंना झोपली होती, विसर्जनात नाचून दमलेली. मी सुकन्याला उचललं आणि अंगणात पळाले. विरूनं झोपेत पांघरूण ओढून घेतलं, ते मी जाताना पाहिलं. अंगणात पोचले तेव्हा घर उभं होतं. किती वेळ ते मला सांगता येत नाही. पण सुकन्यानं माझ्या खांद्यावरून विचारलं, "आई, विरू?" आणि मी म्हणाले, "आणते." एवढा वेळ होता. दार दहा पावलांवर होतं. मी गेले नाही. पाय उचललेच नाहीत. मग माळवद बसलं.

बारा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते काही न कळता टाकलंस, आणि मला आतून वाटायचं की बरोबर केलंस. माफी मागत नाही. तेवढं तोंड मला नाही. फक्त माझी पोर वाचव, एवढं म्हणते. कशी ते ठाऊक नाही. दुसरं कुणी नाही म्हणून तुला म्हणते.

मघाशी पाकीट चिकटवून उंबऱ्यावर बसले होते, पोस्टापर्यंत जायचा धीर होईना. सुकन्या म्हणाली, "दे, मी टाकते." म्हणून या शेवटच्या ओळी पाकिटाच्या मागे लिहिते आहे. पत्र तुला नक्की मिळेल.

सिंधु

लातूर
रविवार, १२ फेब्रुवारी २००६, दुपारी चार

अक्का,

सुकन्या घरी आलेली नाही.

परीक्षा एकला सुटते. दीडपर्यंत येते ती. अडीचला मी क्लासला फोन केला. शिपाई म्हणाला, ती सकाळी आलीच नाही. सकाळी सातला पाण्याची बाटली घेऊन घरातून निघाली होती. हे स्कूटर घेऊन फिरून राहिले आहेत. आधी तिच्या मैत्रिणींची होस्टेलं, मग स्टँड, मग रेल्वेची लाइन. तिकडे का जाता असं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. जाताना स्कूटरची किल्ली त्यांना लागत नव्हती. मला म्हणाले, "तू फोनपाशी बस." म्हणून बसले आहे. हाताला काही काम नसलं तर वेड लागेल, म्हणून लिहिते.

मी तिची खोली उपसली. धारेची वस्तू शोधायची होती. मिळाली. कपाटात, स्वेटरांच्या मागे. छाटणीची लहान कात्री, लाल मुठीची, आणि मुठीवर तुझ्या नर्सरीची चिठ्ठी चिकटवलेली.

तिच्या मागे सात बाटल्या होत्या, जॅमच्या, लोणच्याच्या, मी टाकून दिलेल्या. प्रत्येकीत पाणी आणि पाण्यात फायकसची फांदी. चारांना मुळं फुटली आहेत, पांढरी, बोटभर. प्रत्येक बाटलीवर तारीख आहे, आणि कुठल्याच बाटलीवर मार्क नाहीत.

बाटल्यांखाली तुझं पत्र होतं. क्लासच्या पत्त्यावर आलेलं, तिच्या नावानं. मी ते वाचलं. वाचू नये हे मला कळतं.

"पोरी, तुझ्या आईच्या पाकिटातली तुझी चिठ्ठी पोचली. फांदी मधेच तोडू नको. पानाच्या बुडाशी डोळा असतो, त्याच्या थोडं वर काप, तिथून दोन फुटतील. चीक डोळ्यात जाऊ देऊ नको, गार पाण्यानं धू. शेंडा मारला तर झाड मरत न्हाई, भरतं. वर्षात तिसऱ्या हिश्शाच्या वर घेऊ नको. कात्री पाठवून राहिले, ब्लेड वापरू नको. अन् झाडाचं न्हाई, तुझंच काही कापू वाटलं, तर त्या दिवशी कात्री घरी ठेव आणि नांदेडची बस धर. विचारत बसू नको. मावशी."

मला बारा वर्षं उत्तर नाही आणि तिला आठ दिवसांत. पहिल्यांदा मला रागच आला, खोटं कशाला बोलू. मग बाकीचं लक्षात आलं. माझ्या पहिल्या पाकिटात तिनं स्वतःची चिठ्ठी घातली, म्हणजे तिनं ते फोडलं होतं. वाफेवर धरलं असेल. मग तिसरंही फोडलं असेल. मंगळवारचं. ज्यात अंगण आहे, आणि "आणते" आहे.

ती पाच दिवस ते डोक्यात घेऊन माझ्यासमोर जेवली. काल रात्री माझ्याकडून वेणी घालून घेतली.

अक्का, कात्री इथं आहे. ती घरी ठेवून गेली आहे. तू लिहिलंस तसं. म्हणजे ती तुझ्याकडेच निघाली असेल, हो ना? पण सातला निघाली तर बारापर्यंत पोचायला हवी. मी नर्सरीचा नंबर चार वेळा लावला, कुणी उचलत नाही, रविवार आहे. बस चुकली असेल. अहमदपूरला बस बदलायची असते, ते तिला ठाऊक नसेल. की तुझं पत्र वाचूनही ती दुसरीकडेच गेली? माझं पत्र वाचल्यावर तिला तुझ्या दारात उभं राहायची लाज वाटली असेल. विरूच्या आईच्या दारात. मी तिला तेही दार बंद केलं असेल.

पावणेपाच झाले. साखराबाई दोनदा डोकावून गेल्या. त्यांना मी सांगितलं, मैत्रिणीकडे गेली आहे.

फोन वाजतो आहे

लातूर
सोमवार, १३ फेब्रुवारी २००६

अक्का,

कालचं अर्धं पत्र याच पाकिटात घालते आहे. फाडावंसं वाटलं, पण तुझ्यापासून लपवून झालं तेवढं पुरे.

बारा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि ओळखलाच नाही. घोगरा झाला आहे. तू म्हणालीस, "पोरगी माझ्याकडं हाय. जेवली." आणि थांबलीस. मी विचारलं, "काय जेवली?" तू म्हणालीस, "भाकरी अन् पेंडपाला." मग मी रडायला लागले आणि तू फोन तिच्या हातात दिलास. ती बाराला पोचली आणि तुझा फोन पावणेपाचला आला. त्या मधल्या वेळात तू मंगळवारचं पत्र तिच्यासमोर वाचलंस, हे तिनं मला सांगितलं. आणखी काय झालं ते मी विचारणार नाही.

तिच्याशी काय बोलणं झालं ते तुला कळायला हवं, कारण तू अंगणात निघून गेली होतीस.

तिनं विचारलं, "मी तुला विचारलं होतं ना गं? आई, विरू, असं?"

मी हो म्हणाले.

"मला वाटायचं मला स्वप्न पडतं ते." मग ती म्हणाली, "का गेली न्हाईस आत?"

बारा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी किती तयारी करून ठेवली होती. "धूळ होती, अंधार होता, तू कडेवर होतीस." त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणाले, "भीती वाटली."

मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "मलाबी वाटते. परीक्षेची न्हाई. तुझी."

मी "बरं" म्हणाले. मग तिनं फोन ठेवला.

हे रात्री आठला आले. त्यांना पोरगी सापडल्याचं सांगितलं तर उंबऱ्यावर बसून चप्पल काढायचीच विसरले. थोडा वेळ देवाचं नाव घेतलं, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "शनिवारी जाऊन घेऊन येऊ. सीईटीला तीन महिने हायेत अजून. भरून काढंल ती." ते झोपल्यावर मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं. सकाळी त्यांनी खिळा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि डबा घेऊन ऑफिसला गेले. मला वाटतं, तेही घाबरलेले आहेत.

तिला आवडतं ते लिहून ठेवते. शेंगदाण्याची चटणी ओली नको, कोरडी. ताक चालतं, दूध चालत नाही. केस धुतले की सर्दी होते. परीक्षा द्यायची की नाही ते ती ठरवेल, आणि नाही दिली तर तुझ्या नर्सरीत पाणी घालू दे. तिला बघून तुला त्रास होईल. विरू आता एकोणीसचा असता. तो त्रास मी तुझ्यावर टाकते आहे हे मला कळतं, अक्का, आणि तरी टाकते आहे.

शनिवारी आम्ही दोघं येऊ. हे समजावतील, चढ्या आवाजात बोलतील. मी काय करीन ते मला आज सांगता येत नाही. कदाचित मी तुझ्या पाया पडेन, रडेन, तिच्याकडे हात पसरीन, म्हणेन की आता मी बदलले आहे. म्हणताना मला ते खरंही वाटत असेल. माझं ऐकू नकोस. तिला देऊ नकोस.

सिंधु